रोज सकाळी गाडी दवाने भिजते, रंगाचं काय होणार?

प्रश्न: नाशिकच्या बाहेरच्या अंगाला नव्याने झालेल्या एका सोसायटीतून हे पत्र आलं आहे. वाचकाची गडद निळी हॅचबॅक दीड वर्षाची आहे. छताखालचं पार्किंग मिळालं नाही, म्हणून गाडी मोकळ्या जागेत, मुरमावर उभी असते. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. दिवाळीनंतर रोज पहाटे टप, बॉनेट आणि काचा पाण्याने डबडबलेल्या दिसतात. गाडी पुसायला येणारे दादा साडेसहाला फडका मारून जातात. मेहुण्यांच्या सांगण्यावरून चंदेरी वॉटरप्रूफ कव्हर घेतलं, तरी सकाळी कव्हरच्या आतही ओलच. बॉनेटवर पांढरट ठिपके दिसू लागलेत. ऑक्टोबरमध्ये घासल्यामुळे पुन्हा रंगवलेल्या डाव्या फेंडरवर धुरकट पट्टा आला आहे. थेंबांतून ऊन भिंगासारखं पडून रंग जळतो, असं शेजारच्या काकांचं म्हणणं आहे. वाचक विचारतात: 28 हजारांचं सिरॅमिक कोटिंग करून घेऊ, की महिना बाराशे रुपये भाड्याने जवळचं गॅरेज घेऊ? दवाने गाडीचा रंग खरंच जातो का?

उत्तर:

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्यावर उभे आहेत. तुमची गाडी एक अख्खा पावसाळा उघड्यावर काढून आली आहे. जून ते सप्टेंबर ती किती वेळा भिजली असेल! नुसत्या पाण्याने रंग जात असता तर तो तेव्हाच गेला असता. दव हे पावसासारखंच, जवळजवळ क्षार नसलेलं पाणी आहे. मग पावसाळ्यात न आलेले ठिपके डिसेंबरमध्ये का आले?

पाऊस धूळ धुऊन नेतो, दव ती फक्त भिजवतं. दाट दव पडलं तरी त्याचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतो. तेवढं पाणी वाहून जात नाही, जागच्या जागी थांबतं. दिवसभर बॉनेटवर बसलेली धूळ, सिमेंटचे कण, शेकोटीची राख, पक्ष्यांची विष्ठा, यांतलं जे विरघळण्यासारखं आहे ते त्या थेंबात उतरतं. ऊन चढलं की थेंब आटत जातो आणि आतला द्राव दाट होत जातो. तुमच्याकडे शेजारी बांधकाम आहे. सिमेंट ओलं झालं की अल्कधर्मी होतं, आणि वाळलं की धरून बसतं. तेव्हा तुमच्या बॉनेटवरच्या दवात काय मिसळत असेल, याचा अंदाज बांधणं अवघड नाही.

रंगाच्या सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. सांभाळायचा आहे तो हा थर. आणि पत्र दोनदा वाचल्यावर आमचं मत असं झालं, की या थराला तुमच्याकडे सगळ्यात जास्त धोका दवाचा नाही, साडेसहाच्या फडक्याचा आहे.

ओल्या धुळीवर फडका फिरला की बारीक वाळूचे कण रंगावर घासत जातात. एका दिवसात काही दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी उन्हात उभं राहून पाहिलं, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल ओरखड्यांची जाळी दिसते. गडद रंगावर ती चटकन दिसते, पांढऱ्या गाडीवर लपून राहते एवढंच. त्यात एकच बादली आणि एकच फडका घेऊन दादा दहा गाड्या पुसत असतील, तर नवव्या गाडीवर आधीच्या आठ गाड्यांचा चिखल फिरतो. यात त्यांचा दोष नाही. तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या वेळात दुसरं काही होणार नाही.

म्हणून पहिला बदल हा, की रोज गाडी पुसलीच पाहिजे हा आग्रह सोडा. रोज फक्त काचा, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट पुरे. काचेवरही कोरडा वायपर चालवू नका, आधी तांब्याभर पाणी ओता. ज्या दिवशी गाडी नीट पुसायचीच असेल, त्या दिवशी ती आधी आणखी ओली करा. बागेत फवारणीसाठी मिळतो तो दोन लिटरचा हातपंप घ्या. टपापासून खाली फवारत या, म्हणजे दवात भिजलेली धूळ निदान उतारावरून निघून जाईल. मग मायक्रोफायबरचा जाड, स्वच्छ फडका चार घड्या करून ओलसर करायचा आणि दाब न देता सरळ रेषेत आपल्याकडे ओढायचा. गोल फिरवायचा नाही. घडीची एक बाजू एका पॅनेलला, पुढच्या पॅनेलला नवी बाजू. असे आठ-दहा फडके घरात असू द्या. दारांचा खालचा भाग आणि चाकांच्या कमानी यांचा फडका कायम वेगळा, कारण खरी वाळू तिथेच असते. फडके घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका आणि त्यांना फॅब्रिक कंडिशनर लावू नका. त्याने ते पाणी शोषायचे थांबतात. दादांना हे फडके तुम्हीच द्या, थोडे पैसे वाढवून द्या, आणि रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा या म्हणा.

आठवड्याची धुलाई ऊन अंगावर येण्यापूर्वी करा. दोन बादल्या लागतात. एकीत कारचा शाम्पू, बाटलीवरच्या प्रमाणात. दुसरीत साधं पाणी, हातमोजा किंवा स्पंज प्रत्येक पॅनेलनंतर खळबळायला. भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर वापरलीत तर लावलेलं वॅक्सही निघून जातं. रॉकेलचा किंवा डिझेलचा फडका मारून चमक आणायची जुनी युक्ती अजून काही ठिकाणी चालते. ती चमक म्हणजे तेलाचा थर असतो, त्यावर धूळ दुप्पट बसते आणि दाराची रबरं फुगतात.

आता ठिपक्यांकडे येऊ. तुम्ही सगळे पांढरे डाग दवाच्या नावावर टाकले आहेत, पण आमच्या अंदाजाने त्यातले बरेच तुमच्या बादलीतून आले आहेत. नव्या वसाहतींत वापराचं पाणी बहुधा बोअरचं असतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. बोअरच्या पाण्यात हा आकडा हजारापुढेही जातो. असं वाटीभर, म्हणजे 100 मिली, पाणी बॉनेटवर वाळलं तर 100 मिलिग्रॅम क्षार तिथेच राहतो. बऱ्याच घरांत आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी साठवून गाडीला वापरतात. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला आहे, पण शुद्ध पाणी वेगळं काढल्यावर उरलेले क्षार याच पाण्यात दाटतात. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. गाडीच्या रंगाला त्याच्याइतकं वाईट पाणी घरात दुसरं नसेल. उलट, आरओमधून पिण्यासाठी निघणारं तीन-चार लिटर पाणी शेवटी टपावरून आणि बॉनेटवरून ओतलंत, तर आधीचं कठीण पाणी निघून जातं आणि डाग पडत नाहीत. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही क्षाराच्या बाबतीत असंच हलकं असतं, फक्त गाळून घ्यावं लागतं. अर्थात नाशिकच्या थंडीत एसी लावतंय कोण!

तुमच्या ठिपक्यांची जात ओळखायला एक सोपी चाचणी आहे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना, धुतलेल्या बॉनेटवरच्या दोन-तीन ठिपक्यांवर या द्रावात भिजवलेला कापड मिनिटभर ठेवा, हलकेच पुसा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. ठिपका गेला तर तो वरवर बसलेला क्षार होता. उरलेल्यांना हाच उपाय करा, एका वेळी हातभर जागा. लिंबू चोळू नका. त्यातलं आम्ल किती तीव्र आहे हे हातात राहत नाही आणि मागे चिकटपणा राहतो तो वेगळाच. व्हिनेगरनंतरही ठिपक्याच्या जागी खळग्यासारखी खूण दिसत असेल, तर द्रावाने क्लिअर कोट थोडा खाल्ला आहे. मग पॉलिशिंगच करावं लागतं, म्हणजे आजूबाजूचा थर घासून खळग्याच्या पातळीला आणायचा. तसं करताना दर वेळी दोन-तीन मायक्रॉन जातात. 40-50 मायक्रॉनच्या शिलकीतून ही उधळपट्टी किती वेळा परवडेल, हा हिशेब ‘दर सहा महिन्यांनी रबिंग-पॉलिश करा’ सांगणारे वॉशिंग सेंटरवाले करत नाहीत. खळगे बारीक असतील आणि फक्त वाकून पाहिल्यावरच दिसत असतील, तर तसेच राहू द्या.

काकांच्या भिंगाबद्दल एवढंच, की सपाट पृष्ठभागावर बसलेल्या थेंबाचा केंद्रबिंदू पृष्ठभागावर येत नाही, त्याच्या बराच खाली जातो. वर सकाळचं ऊन तिरपं आणि कोवळं. तेव्हा जाळण्याचा प्रश्न येत नाही. पण डाग पडतात हे त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं आहे.

फेंडरचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, आमच्या मते पत्रातली तातडीची गोष्ट तीच आहे. कारखान्यात रंग साधारण 140 अंश सेल्सिअसला भाजून पक्का करतात. डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपमध्ये गाडीत प्लास्टिक, रबर, वायरिंग सगळं असतं, त्यामुळे 60 अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. तो रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पूर्ण पक्का व्हायला काही आठवडे जातात, त्यातली द्रावणं हळूहळू बाहेर पडत असतात. अशा रंगावर ओलसर प्लास्टिकचं कव्हर रात्रभर चिकटून राहिलं, की ओल थरात शिरते आणि तो धुरकट दिसतो. तेव्हा आज रात्रीपासून कव्हर बंद. दिवसा त्या बाजूला ऊन लागेल अशी गाडी उभी करा. व्हिनेगर, वॅक्स, पॉलिश यातलं काहीही फेंडरला लावू नका. नव्या रंगाला दोन ते तीन महिने मोकळा श्वास लागतो. धुरकटपणा ओलीचा असेल तर दोन-तीन आठवड्यांत तो फिका होत जाईल. तसाच राहिला तर रंगाचं काम दमट हवेत झालं असण्याची शक्यता आहे. गाडी घेऊन त्याच वर्कशॉपमध्ये जा आणि काम पुन्हा करून मागा. बिल जपून ठेवा.

आता कव्हर. आत ओल कशी, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की गाडीचा टप आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतो आणि भोवतीच्या हवेपेक्षा तीन-चार अंश थंड होतो. संध्याकाळी हवा 22 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असेल, तर त्या हवेतली वाफ 11 अंशांना पाणी होऊ लागते. म्हणजे पहाटे हवा 14 अंशांवर आली तरी पत्रा तिथे पोचलेला असतो. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री म्हणूनच दव पडत नाही, आणि उभ्या दारांवर टपापेक्षा कमी पडतं. कव्हर घातलंत की टपाऐवजी कव्हर थंड होतं. बाहेरून दव, आणि आतून? तुमची गाडी मुरमावर आहे. जमिनीतली ओल रात्रभर वाफ होऊन वर येते, वॉटरप्रूफ कापडातून तिला बाहेर जाता येत नाही, ती आतल्या बाजूला थंड होऊन गाडीवरच ठिबकते. कापड जितकं वॉटरप्रूफ, तितकी आत ओल.

गाडी रोज चालत असेल तर आमचं स्पष्ट मत आहे, की कव्हर नकोच. धुळकट गाडीवर रोज ते ओढणं आणि काढणं म्हणजे फडक्याचाच प्रकार, आणि वारा सुटला की फडफडून घासणं वेगळं. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर हवा खेळेल असं, आतून मऊ अस्तराचं, अनेक थरांचं न विणलेल्या कापडाचं कव्हर घ्या. गाडीच्या मापाचं, खालून पट्ट्याने आवळता येणारं. ते धुतलेल्या, कोरड्या आणि गार झालेल्या गाडीवरच घाला. भिजलेलं कव्हर घडी करून डिकीत कोंबू नका, आधी दोरीवर वाळवा.

सिरॅमिक कोटिंगने गाडी वाईट होत नाही. मळ कमी चिकटतो, धुणं सोपं होतं. पण ते दव थांबवत नाही. पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर थेंब पसरत नाहीत, उंच आणि गोल बसतात. पावसात ते घरंगळतात; दवात मात्र आडव्या बॉनेटवर तिथेच आटतात आणि क्षाराची नेमकी, गोल कडी मागे ठेवतात. सिरॅमिक केलेल्या गाड्यांवरही पाण्याचे डाग पडतात ते यामुळे. शिवाय नव्या फेंडरवर ते आत्ता करता येणार नाही आणि आधीची जाळी, खळगे कोटिंगखाली बंद होतील म्हणून आधी सगळी गाडी पॉलिश करावी लागेल. बांधकाम संपेपर्यंत हे 28 हजार हातात ठेवा.

त्याऐवजी वॅक्स किंवा कृत्रिम सीलंट घरी लावा. वॅक्स सहा-आठ आठवडे टिकतं, चांगलं सीलंट तीन-चार महिने. मोसमाचा हिशेब असा: एकदा पावसाळ्याची धूळ-चिखल निघाल्यावर दिवाळीच्या सुमारास, वॅक्स असेल तर पुन्हा संक्रांतीच्या आसपास. धुतल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर सिमेंट आणि धातूचे कण रुतलेत, आधी ते क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर शाम्पूच्या पाण्यात घसरवत काढावे लागतील. वॅक्स नाण्याएवढं घ्या, तेवढं एका पॅनेलला पुरतं. सावलीत, गार पत्र्यावर, जेमतेम दिसेल इतका पातळ थर. बोट फिरवल्यावर पुसट न होता साफ निघालं की स्वच्छ फडक्याने काढा. जाड थराने जास्त संरक्षण मिळत नाही, पुसताना घाम मात्र निघतो.

गॅरेजच्या भाड्याचा विचार आम्हाला कोटिंगपेक्षा पटतो, पण बारा महिने कशाला? दवाचा जोर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चार महिन्यांचे 4,800 रुपये होतात. त्याआधी फुकटातला उपाय करून पाहा. पहाटे सोसायटीत चक्कर मारा आणि कोणती गाडी कोरडी आहे ते बघा. गॅलरीखाली किंवा उंच भिंतीला लागून असलेली सापडेल. गाडीला जितकं कमी आकाश दिसेल तितकं दव कमी, मग बाजू उघड्या असल्या तरी चालतं. सोसायटीने परवानगी दिली तर बांबूवर 90 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधूनही फरक पडतो. पत्र्याची शेड करणार असाल तर पत्रा उताराचा ठेवा, नाहीतर पत्र्याच्या खालच्या बाजूला जमलेलं पाणी बॉनेटवर गळेल.

झाडाखाली दव कमी पडतं हे खरं, पण झाड बघून. आंब्याला मोहोर येतो तो नेमका याच दिवसांत, आणि त्यावरच्या तुडतुड्यांचा चिकट गोड स्राव खालच्या गाडीवर पडतो. त्यावर धूळ बसून काळा थर होतो. पक्ष्यांची विष्ठा तर कुठल्याही झाडाखाली. ती दिसली की त्याच दिवशी, आधी पाण्याने भिजवून पाच मिनिटं थांबून काढा. दुपारच्या उन्हात क्लिअर कोट तापला की तिची खूण कायमची उमटते.

गंज हा तुमच्या मनातला खरा धसका असावा. रंग शाबूत असेल तिथे दवाने गंज येत नाही. बघायच्या जागा वेगळ्या आहेत: बॉनेटच्या पुढच्या कडेला खडे लागून उडालेले टवके, टपावरच्या पट्ट्यांच्या खोबणी, वायपरखाली पाचोळा साठतो ती जाळी, आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची भोकं. ही भोकं मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. टवक्यांवर टचअप करायचं असेल तर रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर सापडतो. पत्रा दिसत असेल तर आधी प्रायमरचा ठिपका, मग रंगाचे दोन-तीन पातळ थर, वर क्लिअर. हे काम सकाळी अकरा-बाराला करा, म्हणजे दव पडायच्या आत ते सुकेल. ओल्या रंगावर दव बसलं की तो मंद पडतो.

रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाचकांना मात्र हे उत्तर थोडं बदलून घ्यावं लागेल. हवेतलं मीठ गाडीवर बसतं आणि आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच हवेतून पाणी ओढतं. तिथे पत्रा दव नसतानाही ओला राहतो. अशा ठिकाणी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडी खालून, चाकांच्या कमानींच्या आतपर्यंत धुणं हे वॅक्सपेक्षाही आधी येतं, आणि टवका दिसला की तो महिनाभर ठेवायचा नाही.